पंचिंग प्रोग्राममधील टूलचा क्रम कसा बदलावा आणि सिम्युलेशनमध्ये कसा तपासावा

कोकण किनाऱ्यावर मासळी धुण्याच्या आणि निथळण्याच्या ट्रेसाठी खाऱ्या पाण्यामुळे बहुधा ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे लागते. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने पत्रा महाग पडतो, म्हणून टरेट पंचिंगचा (फिरत्या चकतीत बसवलेल्या टूलनी पत्र्यात भोके पाडण्याचा) प्रोग्राम मशीनवर चढवण्याआधी टूलचा क्रम हाताने तपासणे गरजेचे आहे. सॉफ्टवेअर आपोआप जो क्रम देते तो मुख्यतः टूल बदलण्याचा आणि पत्रा सरकण्याचा वेळ वाचवण्यासाठी असतो. पत्र्यात किती ताठपणा उरला आहे, हे त्याला कळत नाही.

नेस्टिंग, म्हणजे पत्र्यावर भागांची मांडणी, झाल्यावर टूलची यादी उघडून प्रथम आतली लहान भोके, मग मोठी भोके आणि खाचा, त्यानंतर उठाव किंवा लूव्हरसारखे (पत्रा चिरून वर उचललेल्या झडपेसारखे) फॉर्मिंग आणि सर्वांत शेवटी बाहेरची कड, असा क्रम लावावा. फॉर्मिंग लवकर केले तर वर आलेला भाग पुढच्या टूलखालून सरकताना टरेटला अडकू शकतो. कड कापताना क्लॅम्पकडची (पत्रा धरणाऱ्या पकडीकडची) बाजू शेवटी ठेवावी आणि कोपऱ्यांवर साधारण ०.२ ते ०.३ मिमीचे मायक्रो-जॉइंट (न कापलेले बारीक दुवे) सोडावेत, म्हणजे सुटा झालेला ट्रे पत्र्यातून उचकटून टूलखाली येणार नाही.

ट्रेच्या जाळीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे. समजा २ मिमी पत्र्यात ६ मिमीची भोके १० मिमी अंतराने आहेत. ती ओळीने सलग मारली तर प्रत्येक ठोक्यागणिक धातू थोडा बाजूला ढकलला जातो, ताण एकाच दिशेने साचत जातो आणि पत्रा मधोमध फुगतो. म्हणून जाळीचा पॅटर्न दोन गटांत तोडून पहिल्या फेरीत एक सोडून एक भोक आणि दुसऱ्या फेरीत उरलेली भोके घ्यावीत. पत्र्याची धावपळ वाढते, वेळ थोडा जास्त लागतो, पण माझ्या मते तो वेळ नंतर पत्रा सपाट करण्याच्या मेहनतीपेक्षा केव्हाही स्वस्त आहे. हे गट लॉक करून मगच मार्गाचे ऑप्टिमायझेशन चालवावे. नाहीतर सॉफ्टवेअर सगळी भोके पुन्हा सलग लावून टाकते.

सिम्युलेशन आधी पूर्ण वेगाने पाहून एकंदर क्रम समजून घ्यावा आणि मग एकेक ठोका पुढे सरकवत क्लॅम्पजवळची भोके, पत्रा पुन्हा पकडण्याच्या जागा आणि कड कापणाऱ्या आयताकृती पंचचा शेवटचा ठोका तपासावा. त्या ठोक्याला पत्र्याच्या जाडीहून अरुंद पट्टी उरत असेल, तर पंच एका बाजूला झुकतो आणि धार जाते. अशा वेळी मधल्या ठोक्यांची ओव्हरलॅप वाढवून शेवटचा ठोका रुंद करावा. पत्र्याची फुगवट सिम्युलेशनमध्ये दिसत नाही, त्यामुळे पहिला पत्रा मशीनवर सिंगल ब्लॉकमध्येच (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) चालवावा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधीही जाते, म्हणून प्रोग्राम देताना सेटअप शीटवर प्रत्येक टूल-बदलाचा ओळ क्रमांक लिहून द्यावा. म्हणजे वीज परत आल्यावर होमिंग करून (मशीन मूळ जागी आणून) आणि पत्र्याची जागा पडताळून ऑपरेटरला अर्धवट राहिलेल्या टूलपासूनच काम पुढे नेता येते.