नागपुरात घडणारी वेगवान झॉम्बी कादंबरी कशी लिहावी

मराठीत 'झोंबी' हा शब्द पूर्वीपासून आहे. डोळ्यांना मिरची झोंबते, आखाड्यात दोन मल्लांची झोंबी लागते. चालत्या मुडद्यांसाठी हाच उच्चार वापरला, तर वाचकाच्या मनात भलताच अर्थ उमटतो आणि भयाच्या जागी हसू येते. 'झॉम्बी' असे लिहिल्याने ही अडचण थोडी कमी होते; तरीही हा शब्द मुखपृष्ठापुरता ठेवावा आणि पात्रांच्या तोंडी शक्यतो येऊ देऊ नये, असे मला वाटते. शेजाऱ्याचा चावा घेणाऱ्या माणसाला नागपूरकर पहिल्या दिवशी काय म्हणेल? 'थो पिसाळला बे' असेच म्हणेल. कुत्र्यासाठी राखून ठेवलेले क्रियापद ओळखीच्या माणसाला लावताना जीभ अडखळते, आणि त्या अडखळण्यात पहिल्या प्रकरणाचे निम्मे काम होऊन जाते.

मुंजा, हडळ, वेताळ यांना या कादंबरीत स्थान देऊ नये. आपल्या भुतांना नाव, गाव आणि काहीतरी अपुरी राहिलेली इच्छा असते. त्यांची समजूत काढता येते, त्यांना नैवेद्य दाखवता येतो. या कादंबरीतल्या शत्रूशी मात्र कोणतीही तडजोड शक्य नसावी, म्हणून त्याचा उगम रोगातच शोधावा लागतो.

हा रोग रेबीजवरून बेतावा, कारण त्याची कार्यपद्धती कथानकाला आयतीच उपयोगी पडते. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि त्यामुळे चावा डोक्याच्या जितका जवळ, तितकी लक्षणे लवकर दिसण्याची शक्यता अधिक असते. प्रत्यक्षात हा काळ बहुधा काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो. वेळेवर लस घेतली तर माणूस वाचतो, पण लक्षणे सुरू झाल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. कादंबरीने आठवड्यांचे तास करावेत, पण अंतराचा नियम तसाच पाळावा. मानेवर चावा बसला तर २० मिनिटे, दंडावर बसला तर २ तास, पोटरीवर बसला तर ५ तास, असे एक कोष्टक लिहायला बसण्यापूर्वीच तयार करून भिंतीवर लावावे आणि पुढे कितीही मोह झाला तरी ते मोडू नये. दोन-तीन प्रकरणांत वाचक हा नियम न सांगता ओळखतो, आणि त्यानंतर प्रत्येक जखमी पात्राबरोबर एक घड्याळ चालू लागते. कादंबरीचा वेग पात्रे किती जोरात धावतात यावर फारसा अवलंबून नसतो. पुढचा निर्णय घेण्यासाठी त्यांच्याजवळ किती वेळ उरला आहे हे वाचकाला ठाऊक असेल, तर स्वयंपाकघरात दोघेजण नुसते बोलत बसलेले दृश्यही वेगवान वाटते.

यानंतर साथीचे गणित मांडावे. २०११च्या जनगणनेनुसार नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. पिसाळलेला प्रत्येकजण सरासरी २ तासांत एकाला बाधित करतो असे धरले, तर दर २ तासांनी संख्या दुप्पट होते: १२ तासांनी ६४, २४ तासांनी ४,०९६, आणि ४२ तासांनी सुमारे २१ लाख. हाच काळ ६ तासांचा धरला, तर शहर संपायला पाच दिवसांहून अधिक लागतात. अर्ध्या तासाचा धरला, तर अकरा तासांच्या आत सगळे आटोपते. अर्थात प्रत्यक्षात माणसे पळतात, दारे लावतात आणि चावण्यासाठी उरलेल्यांची संख्याही घटत जाते, त्यामुळे हे आकडे केवळ मापनपट्टी म्हणून वापरावेत. तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट दिसते. पहिल्या १२ तासांत २४ लाखांच्या शहरात केवळ ६४ माणसे पिसाळलेली असतात, म्हणजे बहुसंख्य लोकांना काहीही कळलेले नसते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर 'किरकोळ वादातून चावा' एवढीच बातमी येते. याउलट ३४व्या तासाला असलेली सव्वा लाखाची संख्या पुढच्या आठ तासांत सोळापट होते. होतकरू लेखक पहिल्याच प्रकरणात रस्ते पेटवतात आणि मग तीनशे पानांत वाढवण्यासारखे काही उरत नाही. या गणितानुसार कादंबरीचा निम्मा भाग संशयात आणि दुर्लक्षात गेला पाहिजे, आणि नासधूस शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात आली पाहिजे.

ऋतूची निवड हा या शहरापुरता सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. मारबतीचा मोह कोणालाही होईल. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारी-महाल भागातल्या गल्ल्यांत पाऊल ठेवायला जागा नसते, आणि हजारो माणसे 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असे ओरडत असतात. त्याच गर्दीत पहिला चावा घडवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते हा उपरोध फारच हाताशी असलेला आहे, आणि एखाद्या म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी ती आरोळी एकदाच आली तर ती अधिक चटका लावते. कादंबरीसाठी मे महिना निवडावा.

मे महिन्यात नागपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, आणि जे बाहेर पडतात ते दुपट्ट्याने डोळ्यांखेरीज सगळा चेहरा गुंडाळून घेतात. म्हणजे संसर्ग पसरत असताना तो पाहायला रस्त्यावर कोणी नाही, आणि जो समोरून येतो त्याचे तोंड दिसत नाही. लेखकाला यासाठी काहीही रचावे लागत नाही. कूलरचेही तसेच. जवळजवळ प्रत्येक घरात खिडकीला लावलेला कूलर दिवसरात्र घरघरत असतो. त्याच्या आवाजात शेजारच्या घरातली किंकाळी ऐकू येत नाही, आणि कूलर बसवण्यासाठी जिथे खिडकीची जाळी काढलेली असते, तिथे घर आणि अंगण यांच्यामध्ये पत्र्याची एक पेटी आणि ओल्या ताट्या एवढेच उरते. कोराडीहून येणारी वीज बंद पडली की कूलर थांबतो, अचानक सगळे ऐकू येऊ लागते, आणि तासाभरात घरातल्या माणसांना खिडक्या उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वीज जाण्याचे प्रकरण सावकाश, तपशिलाने लिहावे; येथे घाई करणे म्हणजे हातातली उत्तम सामग्री वाया घालवणे होय.

विजेपाठोपाठ पाणी जाते, कारण पेंच आणि कन्हानचे पाणी पंपांशिवाय शहरात पोहोचत नाही. आणि येथे रेबीजचे दुसरे लक्षण कामाला येते. रेबीज झालेल्या रोग्याला पाणी गिळताना घशाचे स्नायू आवळून तीव्र आचके येतात, आणि पुढे नुसते पाणी समोर आले तरी तो घाबरतो. आता आपल्याकडचा रिवाज आठवावा: मे महिन्यात उन्हातून दारात आलेल्या माणसाला कोणीही आधी नाव विचारत नाही, आधी पाण्याचा पेला पुढे करतात. ज्या कादंबरीत पिसाळणाऱ्याला पाणी चालत नाही, त्या कादंबरीत हा पेला म्हणजे तपासणी ठरते. पहिल्या भागात एखाद्या पाहुण्याने 'नको काकू, आत्ताच प्यालो' म्हणून पेला बाजूला सारावा आणि त्यावर कोणीही काही बोलू नये. दुसऱ्या भागात लोकांना पाण्याचा अर्थ कळावा. तिसऱ्या भागात टाक्या कोरड्या पडाव्यात आणि तपासायलाही पाणी उरू नये, किंवा उरलेल्या दोन पेल्यांतला एक तपासणीत घालवावा की नाही यावर एका कुटुंबात भांडण जुंपावे. दारातल्या काकूंनी 'घे ना रे, इतक्या उन्हातून आला' असा आग्रह करणे या एका वाक्यात भय आणि माया एकत्र येतात.

नायकाची निवडही मग आपोआप होते. पोलीस, डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ यांपेक्षा उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवणारा माणूस घ्यावा. त्याला शहराच्या कडेच्या वस्त्या ठाऊक असतात, त्याची सगळीकडे ये-जा असते, त्याच्याजवळ जड वाहन असते, आणि लोक त्याच्या मागे धावतात याची त्याला सवय असते; त्यामुळे पहिल्यांदा पिसाळलेले त्याच्या मागे धावतात तेव्हा तो आरशात पाहून केवळ त्रासतो. टँकरवर एक पोऱ्या हवा, म्हणजे बोलायला कोणीतरी मिळते.

नकाशा खरा असावा, आणि त्यावर फिरणाऱ्या पात्राला किती वेळ लागतो हे लेखकाने स्वतः जाऊन पाहावे. सुटकेचा विचार आला की प्रत्येक वाचक म्हणेल, समृद्धी महामार्गाने निघा. मुंबईपर्यंतचा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला आहे, त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते आणि दुचाकीला तेथे परवानगी नाही. म्हणजे पुढे एक अपघात झाला की मागच्या हजारो गाड्यांसाठी तो रस्ता कोंडवाडा होतो. याउलट मेट्रोचा विचार फारसे कोणी करीत नाही. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात, मार्ग बहुतांश खांबांवरून जातो, आणि वीज वरच्या तारेतून येत असल्याने ती बंद असताना रुळांमधून चालत जाता येते. बर्डीहून दक्षिणेकडे वर्धा मार्गावरून चालत गेले की खापरीच्या अलीकडे हा मार्ग जमिनीवर उतरतो. रात्रभर डोक्यावर आकाश आणि खाली सगळे शहर, आणि पहाटे पुन्हा जमीन: शेवटच्या भागासाठी यापेक्षा सोयीची वाट मिळणे कठीण आहे.

मृत्यूबाबत एक सावधगिरी बाळगावी. थडग्यातून बाहेर येणारा हात हे दृश्य येथे बहुतेक घरांच्या अनुभवात बसत नाही, कारण प्रेताला अग्नी दिला जातो. आपल्याकडचा धोक्याचा काळ मृत्यू आणि अग्नी यांच्यामधला असतो. म्हाताऱ्या बापाचे शव बैठकीत जमिनीवर ठेवलेले आहे, बर्फाच्या लाद्या वितळत आहेत, आणि धाकटा मुलगा पुण्याहून निघालेला असल्यामुळे सगळे थांबले आहेत. 'त्याला तोंड पाहू द्या' असे म्हणणाऱ्या आत्याला विरोध करण्याचे धाडस कोणातही नाही. या एका प्रसंगाला पंधरा पाने दिली तरी चालतील. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या शवागारातले दृश्य त्यापुढे नेहमीचेच वाटेल, म्हणून ते दोन परिच्छेदांत उरकावे.

शासनयंत्रणा थोडक्यात पण अचूक यावी. १८९७चा साथरोग अधिनियम प्लेगच्या काळात आला आणि अजूनही वापरला जातो. जमावबंदीचा आदेश मात्र १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली निघतो, तरी चौकातला माणूस 'एकशे चव्वेचाळीस लागली' असेच म्हणेल. कामठीच्या छावणीतील लष्कराला लवकर बोलावू नये. रणगाडे आले की वाचक निश्चिंत होतो.

भाषेबाबत सांगायचे तर निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद नागपुरी ठेवावेत, आणि नागपुरी म्हणजे केवळ वाक्यागणिक 'बे' लावणे नव्हे, याचे भान ठेवावे. 'काऊन थांबून राहिला?' 'पानी पे ना.' 'मले नाई पाहिजे म्हटलं ना!' असे तुटक बोलणे पुरेसे होते. घरात वऱ्हाडी वळणाचे बोलणारा माणूस दुकानदाराशी हिंदीत बोलतो, हेही दाखवावे. निवेदनात मराठी वाक्याच्या रचनेचा फायदा घ्यावा. 'आई दाराबाहेर उभी होती' या वाक्यात पहिल्याच शब्दाला सारे कळते. 'दाराबाहेर, रक्ताने भिजलेल्या पदराने कडी चाचपत उभी होती ती आई' असे लिहिले तर ओळख अगदी शेवटी पटते, आणि लांब असूनही हे वाक्य अधिक वेगाने वाचले जाते. धावपळीच्या वर्णनात तुकड्यातुकड्यांची वाक्ये सलग पानभर लिहिली की ती घंटेसारखी एकसुरी वाजू लागतात. तीन छोट्या वाक्यांनंतर एक लांब वाक्य यावे.

पहिला खर्डा पुरा झाल्यावर तो वाचताना शेजारी वही ठेवून प्रत्येक प्रसंगाची वार आणि वेळ लिहावी, कोणाला कुठे चावा बसला ते नोंदवावे, आणि टँकरमध्ये किती पाणी उरले याचाही हिशेब ठेवावा. जिथे वेळ जुळणार नाही तिथे प्रसंग बदलावा, कोष्टक बदलू नये. शेवटच्या पानावर, खापरीजवळ उजाडत असताना, टँकरवाल्याने पोऱ्याला पाण्याची बाटली द्यावी आणि ती ओठांना लागण्यापूर्वी कादंबरी थांबवावी. काही वाचक चिडतील. पोऱ्या ते पाणी पितो की नाही, हे लेखकाला मात्र नेमके ठाऊक असले पाहिजे, कारण त्याच्या पोटरीवर दात लागले ती वेळ वहीत लिहिलेली आहे.