शिक्षेच्या सुनावणीपूर्वी दोषीची बाजू कशी मांडावी

दोष सिद्ध होताच अनेक कुटुंबे हातपाय गाळतात. परंतु शिक्षा ठरवताना न्यायालय गुन्ह्याइतकेच गुन्हेगारालाही पाहते. गुन्हा फाशी किंवा जन्मठेपेस पात्र नसेल, तर अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ नुसार चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) तुरुंगाऐवजी सुटका मिळावी, अशी विनंती वकिलांमार्फत करावी. त्यासाठी दोषीचा किंवा जामीनदाराचा कायम पत्ता अथवा नियमित व्यवसाय दाखवावा लागतो, म्हणून रेशनकार्ड, नोकरीचा दाखला, उपचारांची कागदपत्रे आधीच जमवावीत.

दोषीची पार्श्वभूमी तपासून न्यायालयाला अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) चौकशीला आल्यास व्यसन, कर्ज, घरातील भांडणे यांपैकी काहीही लपवू नये, कारण शेजारी विचारले जातातच आणि एक उघड झालेले खोटे बाकीच्या खऱ्यावरचा विश्वास घालवते. या अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय असतो. तरी त्याचा सारांश कळवून पुरावा देण्याची संधी न्यायालय देऊ शकते, ती आवर्जून मागावी.

दोषी २१ वर्षांखालील असेल, तर कलम ६ प्रथम दाखवावे: तेथे तुरुंगवास देण्यासाठी न्यायालयाला कारणे नोंदवावी लागतात. पीडिताच्या नुकसानीची भरपाई देण्याची तयारीही लेखी कळवावी. माझ्या मते ती सर्वांत आधी यायला हवी.