शिफारस मागावी कशी आणि पारखावी कशी

नवे पुस्तक किंवा नवे ॲप हवे असले की आपण बहुतेक वेळा "काहीतरी चांगले सुचवा" एवढेच म्हणतो, आणि समोरचा माणूस त्या क्षणी आठवेल ते, म्हणजे बहुधा सध्या गाजत असलेले, नाव सांगून मोकळा होतो. यात त्याचा दोष नसतो, कारण आपल्याला नेमके काय हवे आहे याचा त्याला अंदाजच आलेला नसतो. म्हणून पहिली मेहनत प्रश्नावर घ्यावी.

पुस्तकाबद्दल विचारताना नुसता विषय सांगू नये. मनापासून आवडलेल्या एखाद्या पुस्तकाचे नाव घ्यावे आणि ते का आवडले हेही सांगावे. वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो, अशी मांडणी अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी केली आहे. कथानक, पात्रे, स्थळकाळ आणि भाषा ही ती चार दारे. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, कारण एकच कादंबरी आवडलेले दोघे जण वेगवेगळ्या दारांनी आत आलेले असू शकतात, आणि तसे असेल तर एकाने पुढे सुचवलेले पुस्तक दुसऱ्याला कंटाळवाणे वाटण्याचा संभव बराच असतो. "एखादी रहस्यकथा सुचवा" असे म्हणण्यापेक्षा "खुनी कोण यापेक्षा तपास करणाऱ्याचा एकटेपणा लक्षात राहील, अशी आणि फार लांबलचक नसलेली रहस्यकथा हवी आहे" असे विचारून पाहावे. उत्तर देणारा थोडा थांबतो, आठवू लागतो, आणि मग सहसा गाजणाऱ्या पुस्तकांच्या यादीत कुठेच नसलेले नाव पुढे येते. न आवडलेले एखादे पुस्तकही कारणासह सांगावे. त्याने सांगणाऱ्याचे काम बरेच सोपे होते.

ॲपच्या बाबतीत आवडीपेक्षा काम आणि अटी महत्त्वाच्या. "खर्चाच्या नोंदी ठेवायच्या आहेत, इंटरनेट नसतानाही ॲप चालले पाहिजे, नोंदी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेता आल्या पाहिजेत आणि दरमहा वर्गणी नको" एवढे सांगितले की निम्मी नावे आपोआप गळतात. सुचवणाऱ्याला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : तो ते किती दिवसांपासून वापरतो आहे, आणि त्यात त्याला काय खटकते. ज्याला एकही उणीव सांगता येत नाही, त्याने ते ॲप पुरेसे वापरलेले नाही असे मी धरून चालतो.

विचारावे कोणाला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली असे मांडले की नवी माहिती जिवलग मित्रांपेक्षा ओझरत्या ओळखीच्या माणसांकडून येण्याची शक्यता अधिक असते, कारण जवळच्या वर्तुळात सर्वांना साधारण तेच ठाऊक असते. त्यांचा मुद्दा प्रामुख्याने नोकरीच्या माहितीबाबत होता, पण पुस्तकांनाही तो लागू पडतो असे माझे मत आहे. वेगळ्या व्यवसायातला परिचित, आपल्यापेक्षा वयाने बराच मोठा किंवा लहान वाचक, आणि ग्रंथपाल यांना आवर्जून विचारावे. वाचकाशी बोलून त्याला साजेसे पुस्तक काढून देणे हा तर ग्रंथपालाच्या कामाचाच भाग असतो.

"हे घेणाऱ्यांनी तेही घेतले" अशी संगणकाने काढलेली यादी हीही एका अर्थी इतरांचीच निवड असते. मात्र तिच्यात कारण सांगणारा कोणी नसतो, त्यामुळे ती पूरक म्हणूनच पाहावी. अनोळखी लोकांचे अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा सोडून मधले वाचावेत, कारण गुण आणि दोष शेजारी-शेजारी तिथेच सापडतात. ॲपचे अभिप्राय अलीकडचे पाहावेत; जुने अभिप्राय जुन्या आवृत्तीबद्दल असतात. दुव्यावरून खरेदी झाल्यास सुचवणाऱ्याला मोबदला मिळतो का, तेही पाहावे.

नाव हाती आल्यावर पुस्तकाचा नमुना वाचावा, आणि सुरुवातीबरोबर मधले एखादे पानही चाळावे. सुरुवात लेखकाने घासूनपुसून लिहिलेली असते, मध्यावर त्याची रोजची चाल दिसते. किती वाचून सोडावे याचाही पर्ल यांचा नियम आहे : पन्नाशीपर्यंतच्या वाचकाने ५० पाने द्यावीत, त्यापुढच्याने १०० मधून आपले वय वजा करून उरतील तेवढी. ॲपचा मात्र दुवाच मागून घ्यावा, कारण सारख्या नावाची नक्कल केलेली ॲपे असतात, आणि विकसकाचे, म्हणजे ॲप बनवणाऱ्याचे, नाव जुळवून पाहावे. ॲपलच्या ॲप स्टोअरवर डिसेंबर २०२० पासून आणि गूगल प्लेवर २०२२ पासून ॲप कोणती माहिती गोळा करते हे दिलेले असते. पण ते विकसकानेच भरलेले असते, त्यामुळे टॉर्चच्या ॲपने संपर्कयादीची परवानगी मागितली तर ते काढून टाकलेले बरे.

शेवटचे काम नोंदीचे. पुस्तकाचे किंवा ॲपचे नाव, कोणी सुचवले आणि त्याने दिलेले कारण या तीन गोष्टी एका ओळीत लिहून ठेवाव्यात. कारण नसलेली नावे काही महिन्यांनी अनोळखी वाटू लागतात. वाचून किंवा वापरून झाल्यावर त्याच ओळीत आपले मत लिहावे आणि सुचवणाऱ्यालाही कळवावे, न आवडल्यास तेही, "भाषा सुरेख आहे, पण मधला भाग रेंगाळला" इतक्या स्पष्टपणे. त्यावरून त्याला आपली आवड कळते आणि पुढच्या वेळी तो तसा विचार करून नाव देतो. आपल्यालाही कादंबरीसाठी कोणाला आणि ॲपसाठी कोणाला विचारावे, हे त्या नोंदींवरून हळूहळू कळू लागते.