नवीन क्लास हवा की नको, वाद घालण्याआधी हे करून बघा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून कॅरेक्टर बनून खेळायच्या खेळाच्या पाचव्या एडिशनला 2014 मध्ये 12 क्लास होते, म्हणजे कॅरेक्टरचे मूळ प्रकार, आणि 2019 ला आर्टिफिसर आला, बस, दहा वर्षात पुस्तकातून एवढा एकच, आणि तिकडे पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या एडिशनने 2019 ला 12 ने सुरुवात केली आणि 2020 लाच आणखी चार दिले. म्हणून खेळाडूंचा एक गट म्हणतो नव्या क्लाससाठी उपाशी ठेवलंय, दुसरा म्हणतो नियम लक्षात ठेवता ठेवता जीव जातो.

तर आधी आकडे मोजत बसू नका, तुम्हाला जे कॅरेक्टर खेळायचंय ते एका वाक्यात लिहा. मग जुन्या क्लासच्या सबक्लासमध्ये, म्हणजे त्याच क्लासच्या एखाद्या उपप्रकारात, बसतं का ते तपासा, आणि हे मनापासून तपासा हां.

उदाहरण घ्या, तलवार आणि जादू एकत्र. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या फायटर क्लासचा एल्ड्रिच नाइट हा सबक्लास तिसऱ्या लेव्हलला मिळतो, म्हणजे सुरुवातीचे काही सेशन तुम्ही साधे फायटरच. पाथफाइंडरचा मेगस हा क्लास मात्र पहिल्या लेव्हलपासून तलवारीच्या एकाच वारात जादू घालतो, आणि ते पुन्हा करायचं तर आधी एक अॅक्शन खर्चून रिचार्ज करावं लागतं, म्हणजे प्रत्येक टर्नला विचार वेगळा. हा फरक सबक्लासने भरून निघत नाही. माझ्या मते नवीन क्लास इथेच हवा, जिथे टर्न खेळायची पद्धतच बदलते, नुसतं नाव आणि पोशाख बदलणार असेल तर सबक्लास पुरतो.

आणि डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, आधी विचारा, कारण नवीन नियम सांभाळायचे त्यालाच आहेत.