जोड कुठे ठेवायचा

भोसरीच्या एमआयडीसीत लीक टेस्टिंगची, म्हणजे भागातून हवा गळते का ते तपासणारी, यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी डिझाइनला लागले, तेव्हा प्रत्येक ऑर्डरचं ड्रॉइंग कोऱ्या कागदावरून सुरू व्हायचं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, बीएस-५ वगळून थेट, आणि इंजिनाभोवतीचे कितीतरी भाग बदलले. मागोमाग इलेक्ट्रिक गाड्यांचे बॅटरी बॉक्स आले. भाग बदलला की आमचं अख्खं यंत्र बाद. "सांगाडा तोच, पॅनेल तेच, मग पैसे नव्या यंत्राचे का?" असं ग्राहक विचारायचे, आणि प्रश्न रास्त होता.

यंत्र मॉड्युलर, म्हणजे सुटे बदलता येतील अशा गटांचं, करायला घेतलं तेव्हा आम्ही वाटणीतच चुकलो. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, न्युमॅटिक असे तीन मॉड्यूल पाडले, कारण ऑफिसात विभाग तसेच होते. नवा भाग आला की तिन्ही उघडावे लागत. म्हणून नव्याने येणाऱ्यांना पहिलं सांगणं हे, की आधी जुन्या ईसीएनची (डिझाइनमधल्या बदलांच्या नोंदींची) फाइल काढून कोणत्या गोष्टी एकत्र बदलतात ते बघा. आमच्याकडे सांगाडा, पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) आणि गळती मोजणारा टेस्टर वर्षानुवर्षं तेच राहत होते. भागाची बैठक, क्लॅम्प, सील आणि सेन्सर मात्र दर वेळी बरोबरीने बदलत. ते चारही आम्ही एका टूलिंग प्लेटवर घेतले.

खरी मेहनत प्लेट आणि यंत्र यांच्यातल्या जोडात आहे. प्लेट दोन डॉवेल पिनांवर, म्हणजे जागा ठरवणाऱ्या खुंट्यांवर, बसते. आम्ही दोन्ही गोल ठेवल्या. टूलरूममध्ये पहिली प्लेट छान बसली, ग्राहकाकडे दुसरी अडकली. दोन भोकांमधल्या अंतरातला बारीकसा फरकही दोन गोल पिनांना सोसत नाही. आता एक गोल, एक डायमंड (दोन बाजूंनी घासून चौकटच्या आकाराची केलेली). गोल पिन जागा पक्की करते, डायमंड फक्त प्लेटचं फिरणं अडवते.

हवेच्या जोडाने त्याहून जास्त छळलं. क्लॅम्पची हवा क्विक कपलरमधून (झटकन जोडता-काढता येणाऱ्या जोडणीतून) नेली तर बिघडत नाही. चाचणीची हवाही तशीच नेली, आणि यंत्र चांगले भाग नापास करू लागलं. प्रेशर डिके पद्धतीत टेस्टर दाबातली घट मोजतो. कपलरमधून सुटलेली हवा त्याच्या लेखी भागातलीच गळती असते. शिवाय नळी लांबली की आतलं आकारमान वाढतं आणि खऱ्या गळतीची घट लहान दिसते. आता चाचणीची लाइन वेगळी, आखूड, आणि जोडावर ओ-रिंग.

जोडाच्या ड्रॉइंगला स्वतंत्र नंबर आणि एकच मालक हवा. "एवढं भोक दोन मिलिमीटर सरकवू" ही विनंती दर महिन्याला येते. एकदा मानली की जुन्या प्लेटा नव्या यंत्रावर बसत नाहीत.

प्रत्येक यंत्र मॉड्युलर करायचा हट्टही धरू नका. जोडाला पैसे लागतात, वजन वाढतं. चाकणला कुशाक, टायगुन, स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ बांधणीवर, बनतात, पण तिथे तो खर्च हजारो गाड्यांवर वाटला जातो. एकदाच बनवायचं यंत्र सरळ, एकसंध करावं, असं माझं मत आहे.

पहिल्या महिन्यात सर्व्हिसवाल्या दादांबरोबर ग्राहकाकडे जा आणि ऑपरेटर प्लेट कशी बदलतो ते उभं राहून बघा. आमच्या प्लेटला सहा बोल्ट होते, तो चारच लावायचा. परत येऊन हिशेब मांडला, चार पुरेसे होते. पुढच्या प्लेटला आम्ही चारच दिले.