पिशवी ओट्यावर उलटी करा: घरात कोणतं पोषण येतं, कोणतं राहून जातं

एका रविवारी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेली पिशवी मी ओट्यावर उलटी केली. बाहेर आले दोन किलो कांदे, दीड किलो बटाटे, टोमॅटो, एक फ्लॉवर आणि आलं-मिरच्या. हात दुखेपर्यंत ओझं वाहिलं होतं, पण त्यात पालेभाजीची एक जुडी नव्हती. त्याच आठवड्यात माझं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं.

शरीराला लागणारे पण त्याला स्वतः पुरेसे बनवता न येणारे घटक पुष्कळ आहेत. मोठ्या माणसाला नऊ अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक), दोन स्निग्धाम्लं, १३ जीवनसत्त्वं आणि वर खनिजं लागतात. यादी पाठ करायची गरज नाही, पिशवी तपासली तरी पुरतं.

१. आठवडाभर फक्त खरेदी लिहा

किराणा, भाजी, दूध, अंडी, मासळी, मोबाइलवरून मागवलेलं सगळं लिहायचं. ताटात काय वाढलं ते लिहू नका. तिसऱ्या दिवशी वही बंद पडते, अनुभवाने सांगते. बिस्किटं आणि फरसाणही लिहा, लाजू नका.

२. डाळीचा डबा मोजा

हे एकच काम करणार असाल तर हे करा. पाव किलो तूरडाळ तुमच्याकडे चौघांना किती दिवस जाते? आमच्याकडे चार दिवस जायची. म्हणजे माणशी रोज जेमतेम १५ ग्रॅम डाळ, आणि त्यातून मिळणारी प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ वरणाने पोट भरत होतं, गरज भागत नव्हती.

पाव किलो डाळ दोन दिवसांत संपवायची, असं ठरवलं. वरण दाट झालं. रात्री मटकी, मूग किंवा चवळीची उसळ (माणशी ३० ग्रॅम कोरडं कडधान्य, त्यात सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं), मूठभर शेंगदाणे, वाटीभर दही. तीन पोळ्यांतून नऊएक ग्रॅम येतातच. अंडं खात असाल तर एका अंड्याचे सहा ग्रॅम. भात आणि दूध धरून बेरीज करून बघा, पावडरीच्या डब्याशिवाय आकडा गाठता येतो.

वरण-भाताची जोडी उगाच जमलेली नाही. लायसिन आणि मिथिओनिन ही त्या नऊ अमिनो आम्लांपैकी दोन. तांदळात लायसिन कमी असतं ते डाळ भरून काढते, डाळीत मिथिओनिन कमी असतं ते तांदूळ देतो.

३. लोह: काय खाता इतकंच महत्त्वाचं, कशासोबत खाता

बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. बाजरी, कडधान्यं, पालेभाज्या, अळीव ही आपली साधनं. पावसाळ्यात येऊरकडच्या बायका टाकळा, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, निवडायची पद्धतही त्याच सांगतात.

पण वनस्पतींतलं लोह शरीर सहज घेत नाही. त्याला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. लिंबू पिळा, जेवणात पेरू किंवा आवळा ठेवा. लिंबू गॅस बंद केल्यावरच, कारण ‘क’ उष्णतेने जातं. भाजी धुऊन मग चिरा, चिरून धुऊ नका. आणि जेवल्याबरोबर चहा नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. माझा दुपारचा चहा आता चार वाजता, आणि घरात सगळ्यात कठीण गेलं ते हेच.

पालेभाज्यांमधून फोलेट हे ‘ब’ गटातलं जीवनसत्त्वही मिळतं, आणि त्याची गोष्ट आपल्या जवळचीच आहे. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली आणि इथल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा (रक्तक्षयाचा) शोध घेऊ लागली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने दाखवलं. त्यातला घटक म्हणजेच आजचं फोलेट.

४. कॅल्शियम

मोठ्या माणसाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम. पेलाभर दुधातून साधारण २४० मिळतं, ५० ग्रॅम नाचणीच्या भाकरीतून १८०. तिळाची चटणी रोज चमचाभर. पालक यात धरू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. मासे खाणाऱ्यांनी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात किंवा आपल्या नेहमीच्या मावशीकडून मांदेली घ्यावी. कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते, आणि कॅल्शियम काट्यातच असतं.

५. उरलेलं, झटपट

दोन स्निग्धाम्लांपैकी एक रोजच्या तेलातून मिळतं. दुसरं, ओमेगा-३, जवसाच्या चटणीतून. बांगड्यातलं ओमेगा-३ तर शरीर थेट वापरतं.

लाल भोपळा, गाजर, शेवग्याचा पाला यांतून ‘अ’. त्याला तेल लागतं, म्हणून फोडणी हवीच.

बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात भरवशाने मिळत नाही. दूध-दही, अंडी, मासे-मटण यांतून मिळतं. यातलं काहीच खात नसाल तर डॉक्टरांना विचारून पूरक गोळी घ्या.

‘ड’ मात्र कातडी उन्हात बनवते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बंद काचेआड बसून ते बनत नाही, त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. खाली उतरा. सकाळच्या कोवळ्या उन्हापेक्षा अकरानंतरचं कामाचं, थोडा वेळ पुरे.

आयोडीन मिठातून. डबा बंद ठेवा.

६. श्रावणात पुन्हा मोजा

मासळी-अंडी बंद झाली की बी-१२ आणि प्रथिनं दोन्ही घसरतात. त्या महिन्यात दूध-दही वाढवा, डाळीचा डबा लवकर रिकामा होऊ द्या. उपवासाला साबुदाण्याची खिचडी आवडत असेल तर खा, पण साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिठूळ (स्टार्च). दाण्याचं कूट दुप्पट घाला, सोबत वाटीभर दही ठेवा. एका सोमवारी खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी करून बघा. आमच्या सासूबाईंना ती अजून पटलेली नाही.