केएच मोजण्याआधी टाकी खुणेपर्यंत भरा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि रीफ टँकचं (प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचं) पाणी बघता बघता आटतं. आटतं ते नुसतं पाणी. क्षार आणि अल्कलिनिटी (म्हणजेच केएच, पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) मागेच राहतात, म्हणून केएचचं रीडिंग फुगलेलं येतं. आधी आरओचं पाणी नेहमीच्या पातळीच्या खुणेपर्यंत भरा (बोअरचं जड पाणी अजिबात नको), तासाभराने केएच मोजा. 8-9 डीकेएच (केएच मोजायचं एकक) आलं तर हात लावू नका. कमी आलं तर 100 लिटरला 3 ग्रॅम खायचा सोडा साधारण 1 डीकेएच वाढवतो. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे! आरओच्या पाण्यात विरघळवून पंपाच्या धारेत हळूहळू ओता. एका दिवसात 1 पेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियमचा डोस त्याच वेळी दिलात तर पाणी दुधाळ होतं आणि दोन्ही वाया.